लिटमसताईंचं प्रमाणपत्र

लिटमसताई हे नाव मुलांनी ठेवलेलं. कारण सरळ होतं. वर्गात कुणी थाप मारली की ताईंचा चेहरा लालबुंद व्हायचा. थाप मारणाऱ्याचा नव्हे हो, ताईंचा! तो गडी निर्लज्जासारखा समोर उभा आणि लाज मात्र यांना. मुलं मोठी हुशार असतात, त्यांनी दोन दिवसांत हे हेरलं आणि बारसं करून टाकलं. ताईंनाही ते नाव आवडायचं, फक्त तसं त्या कबूल करायच्या नाहीत.

वीस वर्षं त्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढायचं, ओटे पुसायचे, काचेच्या नळ्या ब्रशनं घासून लाकडी स्टँडवर उलट्या घालायच्या, बाटल्यांवरची लेबलं पुसट झाली की नवी लिहून चिकटवायची, दिव्यांत स्पिरिट भरायचं. तास सुरू झाला की मागं कपाटापाशी उभं राहायचं आणि सरांनी हात पुढं केला की त्यात हवी ती बाटली द्यायची. कागदावर त्यांचं काम एवढंच.

आठ वर्षांपूर्वी विज्ञानाचे सर नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी कोण आलं म्हणता? कुणी नाही. फाईल वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मधूनमधून वरच्या वर्गांसाठी एखादे हंगामी शिक्षक यायचे, दोन महिन्यांत दुसरीकडे बरं मिळालं की चालते व्हायचे. सर गेले त्या दिवशी मुख्याध्यापिका प्रयोगशाळेच्या दारात आल्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, आपणही तेच म्हणू. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवस तेवढी सातवी सांभाळ. दंगा करू देऊ नकोस म्हणजे झालं."

ताईंनी सांभाळली. दुसऱ्या दिवशीही सांभाळली. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळली आणि ताई मुलांपेक्षा जास्त कंटाळल्या, तेव्हा त्यांनी ओट्यावर एक मेणबत्ती पेटवली आणि विचारलं, "सांगा बघू, यात जळतंय काय? वात की मेण?" तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग भांडतच होता. आजच्या दिवस तेवढी म्हणता म्हणता आठ वर्षं गेली. वेळापत्रकात सातवीच्या विज्ञानापुढं शिक्षकाच्या नावाची चौकट मात्र कोरीच राहिली.

आणि शिकवायच्या कशा, म्हणून सांगू! घोकंपट्टीचा त्यांना भारी राग. एकदा एका पोरानं वहीत लिहिलं, पाणी शंभर अंशांना उकळलं. ताईंनी विचारलं, "थर्मामीटर बघितलास?" "बघितला ताई." झालं, ताईंचा चेहरा लाल. "अरे राजा, आपला हा थर्मामीटर म्हातारा झालाय. तो वीस वर्षं सत्त्याण्णवच दाखवतो. तुला शंभर कुठं भेटलं?" पोरगं खाली मान घालून म्हणालं, "पुस्तकात." "मग पुस्तकात उकळ पाणी," ताई म्हणाल्या. "वहीत जे दिसलं तेच लिहायचं. चुकीचं दिसलं तरी तेच." त्या दिवसापासून सातवीच्या वहीत पाणी सत्त्याण्णवलाच उकळू लागलं.

या सगळ्या काळात ताईंनी घरी बसून पदवी घेतली, तीही विज्ञानाची. टपालानं पुस्तकं यायची, सुट्टीत प्रात्यक्षिकांना जायचं. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत झाली, कारण मध्ये सासूबाईंचं आजारपण निघालं आणि लेकीची दहावीही आली. यजमान बस डेपोत मेकॅनिक. फार न बोलणारा माणूस. पण परीक्षेच्या दिवसांत पोळ्या लाटायला उभा राहायचा आणि त्या पोळ्यांचे आकार बघून लेक भूगोलाचा अभ्यास करायची म्हणे.

पदवी हातात आल्यावर ताईंनी मनातली गोष्ट घरात बोलून दाखवली. त्यांना शिक्षिका व्हायचं होतं. कागदोपत्री, रीतसर. त्यासाठी एक वर्षाचं पूर्णवेळ प्रशिक्षण करावं लागणार आणि वर्षभर बिनपगारी रजा. मेकॅनिकच्या एकट्या पगारात घरभाडं, लेकीचं कॉलेज आणि वर ताईंची फी, हे काही जमण्यासारखं नव्हतं. पण शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी सरकारची एक मदत होती, अर्थसाहाय्य म्हणायचे तिला. मिळाली तर फी माफ आणि वर दरमहा घर चालण्यापुरती रक्कम. अटी बऱ्याच होत्या. त्यांतली वयाची अट ताईंच्या जिव्हाळ्याची, कारण पंचेचाळीस पूर्ण झाली की अर्जच करता येत नव्हता आणि ताईंना पंचेचाळीसावं संपायला अवघे तीन महिने उरले होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

अर्जासोबत शाळेचं प्रमाणपत्र लागणार होतं. मोठ्या बाईंची प्रमाणपत्रं म्हणजे दोन ओळींची. वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा, खाली सही. ताईंसाठी मात्र त्यांनी दार लावून घेतलं आणि निळ्या शाईच्या पेनानं दीड पान लिहिलं. "गेली आठ वर्षे सातवीच्या वर्गास विज्ञान या शिकवीत आहेत. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतकी जातिवंत शिक्षिका मी पाहिलेली नाही." असं काय काय. ताईंनी ते जिन्यात उभं राहून वाचलं आणि तिथंच डोळ्यांना पदर लावला. घरी आल्यावर मेकॅनिकनं त्याची झेरॉक्स काढून आणली आणि काचेच्या कपाटात, कपबशांच्या मागं, उभी करून ठेवली.

दीड महिन्यानं उत्तर आलं. लेकीनं पाकीट फोडलं, वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "आई, अपात्र लिहिलंय."

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. सादर केलेल्या प्रमाणपत्रावरून अर्जदार आठ वर्षे अध्यापनाचे काम करीत असल्याचे दिसून येते. सबब अट क्रमांक सातनुसार अपात्र. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे."

घ्या! अति तिथं माती म्हणतात ती ही. दोन ओळी लिहिल्या असत्या तर बिचारीचं काम झालं असतं. प्रेमानं दीड पान लिहिलं आणि त्या प्रेमानंच घात केला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ताई त्या कार्यालयात गेल्या. जमिनीला स्क्रूनं ठोकलेल्या खुर्च्या, खिडकीला दोरीनं बांधलेलं पेन, पेनात शाई नाही. दोन तासांनी नंबर लागला. खिडकीमागचे साहेब चष्मा कपाळावर चढवून बसलेले. माणूस वाईट नव्हता, नुसता थकलेला होता.

"ताई, ही मदत नव्यानं शिक्षक होणाऱ्यांसाठी आहे," ते म्हणाले. "जे आधीच शिकवतात त्यांना त्यांची शाळा पाठवते, पगारी रजेवर. तुम्ही शाळेला सांगा."

"शाळा शिक्षकांना पाठवते. मी कागदावर मदतनीस आहे."

"मग नाही पाठवणार."

"म्हणजे साहेब, तुमच्याकडे मी शिकवते म्हणून नाही, आणि तिकडे मी शिक्षिका नाही म्हणून नाही?"

"अगदी बरोबर बोललात."

"आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशातली गत झाली की माझी! मग मी आहे तरी कोण?"

साहेबांनी चष्मा खाली ओढून कागद बघितला. "सध्या तरी अपात्र," ते म्हणाले. मग मागं कुणी ऐकत नाही ना ते पाहून हळूच पुढं वाकले. "हे बघा, दुसरं प्रमाणपत्र आणा. दोनच ओळी. ह्या मदतनीस आहेत, वर्गाला कधी शिकवलेलं नाही. मी ते वर लावतो, आधीचं नजरचुकीनं आलं म्हणतो. तुमच्या वयाकडं बघून सांगतोय."

ताई तिथून शाळेत आल्या आणि मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, माझ्याच हातानं वाटोळं केलं की मी तुझं! थांब, आत्ता लिहिते. दोनच काय, म्हणशील तर एक ओळ लिहिते." आणि लिहिलंच त्यांनी. सही केली, शिक्का मारला, वर फुंकरही घातली. "जा, आजच देऊन ये."

ताईंनी वाचलं. "यांनी शाळेत कोणत्याही वर्गास कधीही शिकवलेले नाही." अक्षर तेच, निळी शाई तीच. ताईंचा चेहरा लाल व्हायला लागला.

"बाई, हे नको."

"नको म्हणजे? वेडी का खुळी तू? कागद आहे तो. कागदानं काय होतंय?"

"पोरांना मी एका सत्त्याण्णवासाठी वर्गात उभं केलंय बाई. आणि स्वतःची आठ वर्षं अशी फुंकर घालून उडवू?"

"मग बस उपाशी!" मोठ्या बाई ओरडल्या. प्रेमाच्या माणसावरच माणूस असा ओरडतो. "महिन्याभरानं वय उलटलं की ये माझ्याकडं रडायला. घेऊन जा तो कागद, आणि घरच्यांना विचारून काय करायचं ते कर."

ताई कागद घेऊन घरी आल्या. पाच दिवस तो पर्समध्ये पडून राहिला. रोज सकाळी त्या ठरवायच्या, आज देऊन टाकू, आणि रोज संध्याकाळी कागद घेऊन परत यायच्या. कुणाशी धड बोलणं नाही, जेवणाकडं लक्ष नाही. एकदा तर आमटीत दोनदा मीठ पडलं आणि बाप-लेकीनं ती मुकाट्यानं खाल्ली. लेक एकदाच म्हणाली, "आई, दे ना गं तो कागद. सगळे असंच करतात." ताईंनी तिच्याकडं नुसतं बघितलं.

सहाव्या दिवशी रविवार होता. मेकॅनिक खिडकीशी बसून काहीतरी वाचत होता. आता हा माणूस कधी वर्तमानपत्रही पुरतं वाचायचा नाही. पण नवीन यंत्र डेपोत आलं की त्याच्यासोबतचं पुस्तक पहिल्या पानापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत वाचल्याशिवाय पाना हातात धरायचा नाही. त्याचे सोबती त्यावरून त्याला पंडित म्हणून चिडवायचे. त्या दिवशी त्याच्या हातात होती अर्जासोबत आलेली माहितीपुस्तिका. अडीच महिने ती टीव्हीखाली पडली होती.

"अगं, इकडं ये जरा," त्यानं हाक मारली. "ही सातवी अट. अर्जदाराने यापूर्वी अध्यापक म्हणून वेतनावर काम केलेले नसावे."

"माहीत आहे हो. तीच तर नडलीय."

"वेतनावर, लिहिलंय."

"बरं मग?"

"तू शिकवलंस. ते तर सगळ्या शाळेला ठाऊक आहे. पण शिकवण्याचा पगार तुला कधी कुणी दिला?"

ताईंनी पुस्तिका हातात घेऊन ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! साहेबांनी अट वाचली नव्हती, बाईंनी वाचली नव्हती, आणि पोरांना थर्मामीटर नीट वाचायला लावणाऱ्या ताईंनीही वाचली नव्हती. पगार मिळत होता तो नळ्या धुण्याचा. शिकवण्याचा एक छदामही नाही. खोटं बोलायची गरजच नव्हती. लेकीनं बापाच्या गळ्यात हात टाकले. "बाबा, तुम्ही वकील का नाही झालात?" "ग्रीस लागलंय शर्टाला, लांब हो," बाप म्हणाला, पण चांगलाच खूश झाला होता.

ताई मात्र खूश दिसेनात. मेकॅनिकच्या ते लक्षात आलं. "आता काय झालं?"

"हे बाईंना लिहावं लागेल," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "आठ वर्षं शिकवून घेतलं आणि काही दिलं नाही, असं त्यांच्या हातानं. वर कुणी विचारलं तर त्यांच्यावर येईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत त्यांच्या. मी कुठल्या तोंडानं सांगू?"

मेकॅनिकनं पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

सोमवारी शाळा भरायच्या आधी ताई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. पुस्तिकेचं पान दुमडून आणलं होतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि सातव्या अटीवर बोट ठेवलं. मोठ्या बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर पोरं रांगा लावत होती, शिपाई घंटेपाशी उभा होता.

"आठ वर्षं," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्हाला अडचण होणार असेल तर..."

"गप्प बस."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला लागल्या. दोन ओळी झाल्या, पेन थांबलं. तिसरी ओळ त्यांनी सावकाश लिहिली, सही केली, शिक्का मारला. या वेळी फुंकर घातली नाही. कागद तसाच ताईंच्या हातात दिला.

"यांनी आठ वर्षे सातवीच्या वर्गास विज्ञान शिकवले. या कामाबद्दल शाळेने त्यांना कोणतेही वेतन दिलेले नाही. ही चूक शाळेची व माझी आहे, त्यांची नाही."

"बाई, शेवटचं वाक्य काढा. त्यांना एवढं लागत नाही. दोन ओळींत काम होतंय."

"त्यांना लागत नसेल. मला लागतंय. ते राहू दे."

खिडकीमागच्या साहेबांनी कागद वाचला, पुस्तिका वाचली, मग पुन्हा कागद वाचला. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, असं चार वेळा झालं. "अहो ताई, हे आम्हीच आधी बघायला हवं होतं," असं काहीतरी ते पुटपुटले आणि कागद घेऊन आतल्या मोठ्या साहेबांकडं गेले. परत आले ते शिक्का मारलेली पावती घेऊन. पात्र. ताईंनी तो शब्द तीनदा वाचला. मग बाहेर येऊन मेकॅनिकला फोन लावला. तिकडून इंजिनाच्या आवाजात त्याचं "काय? काय?" एवढंच ऐकू येत होतं, म्हणून ताई रस्त्यात उभं राहून ओरडल्या, "पात्र! अहो, पात्र!" बाजूनं जाणाऱ्या दोन बायका दचकून बघायला लागल्या.

मोठ्या बाईंवर आलंच, ते काही टळलं नाही. महिन्याभरात वरून लेखी ताकीद आली. त्यांनी ती फाईलला लावली आणि त्याबद्दल ताईंना अवाक्षरही सांगितलं नाही. ताईंना ते शिपायाकडून कळलं. त्या तशाच धावत खोलीत गेल्या, तर बाई वह्या तपासत बसलेल्या.

"बाई, माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं काही नाही. बस इथं." बाईंनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? खरं सांगशील? खोटं बोललीस तर मला कळतंच म्हणा. आठ वर्षांत तू एकदाही मागितलं कसं नाहीस गं? मी काय वाघ होते का? एकदा येऊन म्हणायचंस, बाई, शिकवतेय तर त्याचं काहीतरी द्या."

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मागावंसं वाटलं होतं बाई. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलेही होते."

"मग?"

"मागितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अगं, पण तू कुठं शिक्षिका आहेस? ते मला तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. पैसे नाही मिळाले तरी चालतील, पण ते ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी सातवीपुढं उभी राहू शकले नसते."

असं मी कशाला म्हणेन, हे वाक्य मोठ्या बाईंच्या ओठांवर आलं असणार. कुणाच्याही आलं असतं. पण समोर लिटमसताई बसल्या होत्या.

"म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "नक्की म्हणाले असते गं."

आणि टेबलावरून हात पुढं करून त्यांनी ताईंचा हात धरला. नळ्या धुऊन धुऊन खरखरीत झालेला तो हात घंटा होईपर्यंत त्यांनी काही सोडला नाही.